पाणी आपलं आपण न्यायचं

परतवाड्याच्या बसस्थानकाबाहेर दुपारचे बारा. डांबर चपलेला चिकटतंय. रसवंतीचे घुंगरू वाजताहेत, पण रसापेक्षा तिथल्या सावलीलाच गर्दी जास्त. किराणा दुकानाच्या पडवीत कॉलेजची तीन-चार पोरं पाठीवरच्या पिशव्या उघडून बसली आहेत. एकाने वेफर्सचे पुडे घेतलेत, दुसऱ्याने थंड पेयाच्या दोन मोठ्या बाटल्या. दुकानदार जागचा हलत नाही.

"जंगलात चालले का जी? मंग लिंबं घ्या. मीठ-साखर घ्या. अन् त्या बाटल्या ठेवा तठीच. त्यानं तहान भागत नाई, वाढते."

पोरं एकमेकांकडे पाहतात. बाटल्या परत जातात. लिंबं पिशवीत पडतात.

आज वैशाखी पौर्णिमा. मेळघाटातल्या पाणवठ्यांवर आज रात्रभर माणसं मचाणावर बसणार. पूर्वी या रात्री प्राणीगणना व्हायची. आता वाघाची मोजणी कॅमेरा ट्रॅपने होते आणि या रात्रीला निसर्गानुभव म्हणतात. नोंदीचा कागद अजून हातात देतात, बसायचं तसंच, आणि ऊनही तेच.

गाडी घटांगकडे चढू लागते. सागाला पान नाही. डोंगर खरपूस तपकिरी झालाय, मधूनच एखादा कुसुम लालसर पालवीने उठून दिसतो. रस्त्याच्या कडेला जाळरेषेचा काळा पट्टा. वणवा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून उन्हाळ्याआधीच जाळून ठेवलेला. एका वळणावर तेंदूपत्त्याचा फड लागतो. पुड्यांच्या ओळी उन्हात पडल्या आहेत, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया त्या उलटवताहेत. या बाया पहाटे चारला जंगलात गेलेल्या असतात आणि ऊन चढायच्या आत परत आलेल्या. वऱ्हाडात उन्हाळ्यात कधी चालायचं याचं वेळापत्रक त्यांच्याकडे पाहूनच ठरवावं.

नाक्यावर रांग आहे. आंब्याखाली टेबल, टेबलावर रजिस्टर, रजिस्टरवर दगड. ओळखपत्राची प्रत, फोन नंबर, घरच्यांचा नंबर. मग पिशवी उघडायची. आतलं सगळं चादरीवर मांडायचं. अत्तराची कुपी बाजूला. गुटखा बाजूला. काडेपेटी, लायटर बाजूला. गाणी वाजवायचा डबा बाजूला. अमरावतीहून आलेल्या एका मुलीने विदर्भाच्या रिवाजाप्रमाणे डोक्या-तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला. वनरक्षक तिला सांगतो, "ताई, हा चांदण्यात अर्ध्या किलोमीटरवरून दिसते. मातकट नसन तं माह्याकडचा टॉवेल घेऊन जा." ती टॉवेल घेते.

डास पळवायच्या मलमालाही बंदी आहे. वास. त्याऐवजी पूर्ण बाह्या, पायमोजे, पँटची कड मोज्यात. खाकी, मळकट हिरवा, मातीचा रंग.

"पानी किती?" हा प्रश्न प्रत्येकाला.

"दोन लिटर."

"दोघांत?"

"नाही, एकेकाला."

"मंग दुकानावर जाऊन या. तठी नय नाई."

माणशी पाच लिटर, त्याहून कमी नाही. दुपारी तीनला निघायचं, सकाळी आठनंतर परत. झाडाला टांगलेल्या थर्मामीटरचा पारा सावलीतही ४४ वर आहे. या हवेत नुसतं चालणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो, आणि हवा इतकी कोरडी असते की तो दिसतही नाही. शर्ट ओला होत नाही म्हणून माणूस गाफील राहतो. पाठीवर हात फिरवला की मिठाची खरखर लागते. म्हणून नुसतं पाणी पुरत नाही. लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. पाकिटातलं घेतलं तर एका लिटरला एक पाकीट, आणि आधी विरघळवून मगच प्यायचं. तहान लागायची वाट पाहायची नाही. दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट.

रांगेतला एक पन्नाशीचा गृहस्थ टेबलाचा कोपरा धरतो. चेहरा पांढरा पडलाय, उलटीसारखं होतंय म्हणतो. दोन पोरं त्याला सावलीत नेतात. बूट काढतात, पाय पिशवीवर उंच ठेवतात, ओला रुमाल मानेला, काखेत, जांघेत. वारा घालतात. तो नीट बोलतोय, घाम येतोय, नाव-गाव सांगतोय. म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. वनरक्षक त्याच्याशी मुद्दाम बोलत राहतो. बोलण्यात असंबद्धपणा आला, अंग तापून चटके बसू लागले, तर मग सरबताची वेळ टळलेली असते. तेव्हा अंगावर पाणी ओतत गाडीत घालून धारणी नाहीतर अचलपूरचा सरकारी दवाखाना गाठायचा, आणि शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात थेंबही घालायचा नाही. गृहस्थ अर्ध्या तासाने उठून बसतात. त्यांना आज मचाण मिळत नाही. ते भांडतात, मग गप्प होतात. मला हा निर्णय योग्यच वाटतो.

चिठ्ठ्या निघतात. एका मचाणावर आम्ही दोघं आणि सोबत एक वनमजूर. माझ्याबरोबरचा पोरगा अकोटचा, दुसऱ्या वर्षाला शिकणारा. वनमजूर साठीकडे झुकलेला कोरकू माणूस. सगळे त्याला दादा म्हणतात, आम्हीही.

जिप्सी जिथे थांबते तिथून पुढे पायवाट. दादा पुढे, पोरगा मध्ये, मी शेवटी. ओळीत, एकामागे एक. सागाच्या वाळल्या पानांवर पाय पडला की कर्र आवाज होतो. दादाच्या पायाखाली होत नाही. तो पान टाळून उघड्या मातीवर पाय टाकतो. आडवं पडलेलं लाकूड आलं तर ओलांडून थेट पलीकडे उडी नाही. आधी लाकडावर उभं राहायचं, पलीकडची सावली पाहायची, मग उतरायचं.

"पाय टाकाच्या आंधी पाहाचं," तो म्हणतो. "हात टाकाच्या आंधी तं दोनदा."

नाल्याच्या वळणावर तो मुद्दाम खाकरतो. दोन टाळ्या वाजवतो. इथे अस्वल आहे. त्याचं नाक तीक्ष्ण, पण नजर आणि कान मंद, आणि खाण्यात गुंगलं की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. दचकलं की अंगावर येतं. मोहाच्या दिवसांत मेळघाटात माणसं अस्वलाने फाडली जातात ती बहुतेक अशीच. वाघ माणसाला आधी टिपतो आणि बाजूला होतो. अस्वलाला आपणच आधी कळवावं लागतं.

नाल्याची वाळू पांढरी, सपाट, मऊ. वर अर्जुनाची दाट सावली. पोरगा थांबतो. "दादा, इथं तंबू ठोकला असता तर काय झोप लागली असती!"

"नाई. कायद्यानं नाई, अन् अकलेनंही नाई."

वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२चा. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं, आग पेटवणं गुन्हा आहे. मुक्काम करायचा तर सेमाडोह, कोलकास, हरिसाल, चिखलदरा इथल्या विश्रामगृहांत. राहिली अक्कल. दादा काठीने दाखवतो. काठाच्या मुळांमध्ये, आमच्या कमरेच्या उंचीवर, वाळलेला पाचोळा आणि काटक्या अडकल्या आहेत. मागच्या पुराची खूण. वर डोंगरात वळवाचा पाऊस पडतो, इथे आभाळ निरभ्र असतं, आणि पाणी येतं. शिवाय कोरडा नाला हाच रात्री जनावरांचा रस्ता. वाळूवर सगळे उमटलेत: सांबराचे खूर, साळिंदराची फरफट, रानडुकराचा धुडगूस. खांडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या मेळघाटच्या पाच नद्या, सगळ्या तापीला मिळणाऱ्या. वैशाखात त्यांच्या पात्रात डोहापुरतं पाणी उरतं. २,७६८ चौरस किलोमीटरच्या या व्याघ्र प्रकल्पातला प्रत्येक जीव त्या डोहांच्या आणि बांधलेल्या पाणवठ्यांच्या भोवती गोळा होतो. म्हणून तर आजची रात्र निवडलेली.

मचाण धावड्याच्या खोडाला टेकून उभं आहे. शिडी चढण्याआधी दादा बुंध्याभोवती फिरतो, वर फांद्या निरखतो. मोहळ नाही ना, मुंग्यांची रांग नाही ना. मग सामान दोरीने वर ओढायचं, हात मोकळे ठेवून चढायचं.

वर पहिला अर्धा तास फक्त मांडामांडीचा. हे कोणी नीट सांगत नाही, आणि रात्र इथेच बनते किंवा बिघडते. प्लास्टिकची पातळ बाटली दाबली की कडकडते, म्हणून पाणी आता स्टीलच्या बाटल्यांत ओतून घ्यायचं. पिशवीच्या चेन आत्ताच उघडून ठेवायच्या. कर्रकर्र उघडणाऱ्या पट्ट्या आत्ताच मोकळ्या करायच्या. डबा आधीच उघडून पाहायचा, झाकण घट्ट बसलं असेल तर सैल करायचं. दशम्या, कोरडी चटणी, सुकं बेसन, कांदा. रस्सा नाही, दही नाही, तळलेलं नाही. वेफर्सचा पुडा अंधारात फोडला तर पाणवठा तासभर रिकामा राहतो. खोकल्यासाठी लवंग आणि खडीसाखर शर्टाच्या खिशात, शोधावी लागणार नाही अशी. फोन बंद. बॅटरीला लाल कागद. लघवीचं काम सूर्य मावळायच्या आत उरकायचं. रात्रीसाठी रुंद तोंडाची बाटली प्रत्येकाची वेगळी, आणि एका कोपऱ्याला चादरीचा आडोसा. बायकांच्या मचाणावर हे आधी बोलून ठरवलेलं असतं. लाजेखातर पाणी कमी पिणं हा या रात्रीतला सगळ्यात वाईट निर्णय.

साडेपाच. हवा हलत नाही. मचाणाचं लोखंड हाताला पोळतं. कपाळावरच्या घामावर बारक्या माश्या बसतात. हाकलायला हात उचलायचा नाही. पाणवठा आमच्यापासून चाळीस पावलांवर. सिमेंटची उथळ बशी, कडेला थोडा चिखल, पलीकडे सौरपंपाची पाटी. त्याच्याही पलीकडे मोकळं गवताळ मैदान, आणि मैदानात ओळीने उभे चार आंबे. जंगलात आंबे असे ओळीत उगवत नाहीत.

"गाव होतं," दादा पुटपुटतो. "आमचं."

एवढंच. मेळघाट १९७४ साली, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला. गाभ्यातली कोहा, कुंड, बोरी अशी गावं नंतर खाली अकोटच्या सपाटीला गेली. गावाच्या जागी कुरण आलं, कुरणावर रोही आणि सांबर आली. आंबे राहिले. पोरगा काही विचारणार असतो, दादा बोट ओठांवर ठेवतो. मोर येतोय.

मोर येतो, मागे चार लांडोरी. त्या पितात, मान वर करतात, पितात. मग वानरं. पोरं आईच्या पोटाला, आणि एक म्हातारा सालईवर पहाऱ्याला. पावणेसातला सूर्य जातो. रानकोंबडा शेवटचं आरवतो. हळूहळू अंधारतं, आणि मग पूर्वेच्या फांद्यांमागे तांबूस उजेड चढतो. चंद्र. आधी मोठा, मळकट. वर येताना लहान आणि लख्ख. पाणवठ्याची बशी उजळते. गवताचं पातं न् पातं दिसू लागतं. बॅटरीची गरज उरत नाही.

रातव्याची टकटक सुरू होते, थांबतच नाही. दूर टिटवी. पाऊणेक तास काहीच नाही. वाट पाहण्याचा हा भाग अवघड असतो. पायाला मुंग्या येतात, डोळ्यांना झाडाच्या बुंध्यात अस्वलं दिसू लागतात. दादा पाय कसा बदलायचा ते दाखवतो. आधी वजन हातावर, मग एक गुडघा, मग थांबायचं, मग दुसरा. पाळी लावून झोपायचं, एकाने जागायचं. घोरणाऱ्याला कुशीवर वळवायचं. कठड्यापासून हातभर आत झोपायचं. जमिनीवर झोपणं इथे नाहीच. मण्यार रात्री फिरते आणि निजलेल्यांना चावते, दाताची खूणही धड दिसत नाही. चावलंच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठ्या-कडी काढायची, हात-पाय हलू द्यायचा नाही, माणसाला चालू द्यायचं नाही, आणि दवाखान्याची वाट. फोनला इथे रेंज नाही. दादाच्या कमरेला वायरलेस आहे, त्याचा आवाज बारीक केलेला.

साडेनऊच्या सुमाराला डाव्या उतारावर सांबर ओरडतं. एकदाच, मोठ्याने. रातवा गप्प होतो. दादाचा हात माझ्या मनगटावर येतो. भेकर भुंकायला लागतं. भुंकणं पुढे सरकतं, नाल्याकडे, मग वर. आम्ही श्वास धरून बसतो. काहीही उघड्यावर येत नाही. भेकर थांबतं. दहा मिनिटांनी रातवा पुन्हा सुरू. कागदावर काय लिहायचं? पोरगा पेन घेऊन थांबतो. दादा मान हलवतो. पाहिलं तेच लिहायचं. ऐकलेलं शेऱ्यात. वाघ असावा असं लिहायला रकाना नाही.

मध्यरात्रीनंतर गवे. आधी फुसकारे, मग चिखलात रुतणाऱ्या खुरांचा चपक चपक आवाज. काळी पाठ चांदण्यात चकाकते, पांढरे मोजे घातलेले पाय पाण्यात शिरतात. अकरा मोठे, एक वासरू. वासराला पुढे घेतात, बाकीचे तोंड बाहेर करून उभे. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे आहे. शेणाचा, ओल्या कातडीचा वास वर येतो. त्यातली एक गाय मान उचलून थेट मचाणाकडे पाहते. किती वेळ, सांगता येत नाही. मग पुन्हा खाली वाकून पिते. बारा वाजून चाळीस मिनिटं, गवा, अकरा अधिक एक, उत्तरेकडून आले, नाल्याकडे गेले.

तीनला गार होतं. दुपारी हसू आलं असतं अशी चादर आता दोघं ओढून घेतो. सव्वातीनला अस्वल येतं, एकटं. सुर्र सुर्र करत इतका वेळ पितं की पोरगा हाताच्या बोटांवर मोजतो. निघताना वळून आंब्यांकडे जातं, मागच्या पायांवर उभं राहून खोड खरवडतं.

"आंबा गोड होता तो," दादा म्हणतो.

उजाडतं. पावशा ओरडतो. उघड्या सागाच्या फांदीवर मुठीएवढं गोल काहीतरी बसलंय, दिवसाउजेडी, आमच्याकडे पाठ करून शेपटी हलवत. रानपिंगळा. १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षं तो कोणाला सापडला नव्हता. १९९७ मध्ये नंदुरबारकडे शहाद्याजवळ पुन्हा दिसला, आणि मेळघाटात तर त्याची चांगली वस्ती निघाली. पोरगा डोळे चोळतो. रात्रभर वाघासाठी जागलेला हा पोरगा आता एवढ्याशा घुबडावरून नजर काढायला तयार नाही, आणि मला त्याचा फार आनंद होतो.

खाली उतरायची घाई करायची नाही. गाडीचा आवाज येईपर्यंत वरच. बूट उलटे करून झटकायचे. एखादा विंचू रात्रीत आत शिरलेला असू शकतो. लिंबाची साल, कांद्याचं टरफल, दशमीचा तुकडा, सगळं पिशवीत. सालपट कुजणारं असलं तरी इथे टाकायचं नाही. माणसाच्या खाण्याचा वास लागला की अस्वल मचाणाखाली येऊन बसायला शिकतं, आणि पुढच्या वेळी शिडी उतरणारा दुसराच कोणीतरी असतो.

नाक्यावर परत तेच टेबल. कागद जमा, सह्या, बाजूला काढलेली अत्तरं आणि लायटर परत. कोणाला बिबट दिसला, कोणाला फक्त ससा. ससा पाहिलेला गृहस्थही मन लावून सांगतोय. चहा होतो. आठ वाजून गेलेत आणि ऊन पाठीला लागायला लागलंय.

अकोटचा पोरगा दादाला विचारतो, नरनाळ्यावर असंच राहता येईल का. किल्ला त्याच्या गावाजवळचा, पण तो फक्त गाडीने वर जाऊन आलाय.

"रायता नाई येत. तोही अभयारन्यात हाये. पन् चालत जा ना."

मग दादा टेबलावरच्या धुळीत बोटाने वाट काढतो. शहानूरच्या नाक्यावर नोंद, गाईड बरोबर. पावसाळा संपल्यावर, थंडीत. वर तलाव आणि टाकी पुष्कळ, पण पिण्याचं पाणी खालूनच न्यायचं. महाकाली दरवाजाचं पंधराव्या शतकातलं कोरीव काम सकाळच्या उन्हात पाहायचं. किल्ल्यावरच्या तोफेकडे जाताना गवत उंच असतं, काठी आपटत चालायचं, परत आल्यावर घोट्यांपासून मांड्यांपर्यंत गोचीड शोधायचे. कड्यावर आणि कमानींत आग्या मोहळ असलं तर तिथे धूर नाही, अत्तर नाही, दगड नाही. उठल्याच माश्या तर हात झाडत बसायचं नाही. तोंड दुपट्ट्यात झाकायचं आणि आलो त्या वाटेने निघायचं.

"किती वाजता निघू?"

"नाका उघडल्याबरोबर. चार वाजले का वापस फिराचं, कुठंही असले तरी."

पोरगा खिशातला पेन काढतो आणि तळहातावर लिहितो: शहानूर, पाच लिटर, चार वाजता परत.